छातीची उंची

“घेर किती भरला वं?”

फोन वडशाहून होता. तिकडे दुपारचे अडीच वाजलेले, म्हणजे भाऊजी जेवून खाटेवर टेकलेले. इकडे जर्मनीत सकाळचे अकरा. टारांटच्या जंगलात एका स्प्रूसच्या बुंध्याला माझी भाची मिठी मारल्यासारखी उभी होती आणि पलीकडून येणारं टेपचं टोक बोटांनी चाचपत होती. फोन माझ्या हातात. तिच्याकडे धरा, झाडाकडे धरा, आता शेंडा दाखवा, असे हुकूम भाऊजींकडून सुटत होते.

“घेर नाही बाबा, व्यास. बेचाळीस.”

“व्यास तुझ्या मास्तरला सांग. मला घेर सांग.”

तिनं टेप उलटा केला. हा टेप मजेशीर असतो. एका बाजूला साधे सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला प्रत्येक आकडा ३.१४ नं ताणलेला. त्यामुळे गुंडाळायचा घेराला आणि वाचायचा थेट व्यास. “एकशे बत्तीस,” ती म्हणाली.

“आणि मोजलं कुठं?”

“छातीच्या उंचीवर. एक मीटर तीस.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग खाट करकरली. भाऊजी उठून बसले असावेत. “एक सदतीस पाहिजे. सात सेंटिमीटर खाली मोजून राहिली तू. बुंधा खाली जाड असते, माप वाढून येईन.”

भाऊजी वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. ३३ वर्षं गडचिरोलीच्या जंगलात गेली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मुलीचंही. जर्मनीत झाडाची जाडी जमिनीपासून १.३० मीटरवर मोजतात, भारतात १.३७ मीटरवर. आपला आकडा असा विचित्र का, तर तो साडेचार फुटांचा मेट्रिकमध्ये केलेला तर्जुमा आहे. भारताचं वनखातं उभं केलं जर्मन माणसांनी, पण फूटपट्टी इंग्रजांची राहिली. त्या सात सेंटिमीटरांत दीडशे वर्षांचा इतिहास अडकून पडला आहे आणि या लेखाचा विषय बराचसा तोच आहे.

*

भाची अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. आपल्याकडे दापोलीला आणि अकोल्याला तो शिकवतात हे पुण्या-मुंबईतल्या अनेकांना ठाऊक नसतं. ‘फॉरेस्ट्री म्हणजे वाघ का?’ असा प्रश्न तिला लग्नाच्या पंगतीत निदान दहादा आला असेल. पुढे काय, तर दोन रस्ते ठरलेले. एक यूपीएससी नाहीतर एमपीएससी. दुसरा डेहराडून. तिनं तिसराच काढला. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात उष्णकटिबंधीय वनशास्त्राचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे. शिकवणी इंग्रजीतून, चार सत्रं, १२० क्रेडिट. वर्ग ड्रेस्डेन शहरात भरत नाहीत, जवळच्या टारांट नावाच्या गावात भरतात.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. झाड पाहिलं की मला सावली दिसते, घनफूट दिसत नाहीत. ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो तो ताईनं पाठवलेली शेवयांची पुरचुंडी आणि लाखोळीची डाळ पोचवायला. आठ दिवस राहिलो. पहिल्याच दिवशी वाटलं की पोरगी परदेशात आलेली नाही, आपल्या खात्याच्या आजोळी आली आहे.

ड्रेस्डेनच्या मुख्य स्थानकावरून उपनगरी गाडी धरली की वीसेक मिनिटांत टारांट. दोन्ही बाजूंनी डोंगर चढलेले, मधल्या चिंचोळ्या पट्टीत नदी, रूळ, रस्ता आणि घरांची एक ओळ. वर पडका किल्ला आणि त्याला टेकून चर्च. ही वाइसेरिट्स नदी पाहून हिला पूर काय येणार असं वाटतं. पण ऑगस्ट २००२ मध्ये वरच्या डोंगरात झिनवाल्डला एका दिवसात ३१२ मिलिमीटर पाऊस झाला, नदीनं टारांट धुऊन काढलं आणि खाली जाऊन ड्रेस्डेनच्या रेल्वे स्थानकात शिरली. ३१२ हा तिथला विक्रमी आकडा. महाबळेश्वरच्या माणसाला त्यात विशेष वाटणार नाही आणि २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ आठवणाऱ्याला तर हसूच येईल. पण पाऊस किती पडला याइतकंच तो कुणाच्या अंगणात पडला यालाही महत्त्व असतं.

या गावात १८११ साली हाइनरिष कोट्टा आपली वनशाळा घेऊन आला. आधी ती थ्युरिंगियातल्या झिलबाखला चालत होती. सॅक्सनीच्या राजानं त्याला बोलावून घेतलं आणि १८१६ मध्ये शाळेची शाही अकादमी झाली. १९२९ मध्ये ती ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाला जोडली गेली. डोंगरउतारावरची वनस्पतिबागही १८११ चीच. कोट्टाच्या ८० व्या वाढदिवशी लोकांनी जंगलात ८० ओक लावले. पुढच्याच वर्षी तो गेला आणि त्या ओकांमध्येच त्याला पुरलं. भाची मला तिथं घेऊन गेली. समाधीवर फुलं नव्हती, पालापाचोळा होता. वनशास्त्र्याला तो जास्त आवडला असता.

कोट्टाच्याही शंभर वर्षं आधी, टारांटपासून गाडीनं थोड्याच अंतरावर असलेल्या फ्रायबर्गमध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स नावाचा खाण-अधिकारी होता. तिथल्या चांदीच्या खाणींना टेकू द्यायला लाकूड, धातू वितळवायला कोळसा आणि कोळशासाठी पुन्हा लाकूड. डोंगर बोडके होत चाललेले. १७१३ साली त्यानं जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. आज ‘शाश्वत विकास’ म्हणून जे शब्द सरकारी फलकांवर दिसतात, त्यांचं जर्मन मूळ या ग्रंथात दाखवतात. गंमत अशी की जंगलाच्या प्रेमापोटी हा विचार जन्मला नाही. खाणी बंद पडतील ही धास्ती होती. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मुद्दल खाऊ नये, व्याजावर जगावं हे आमच्या बँकेतही प्रेमापोटी सांगत नाहीत.

व्याजाची गोष्ट पुढे शब्दशः खरी झाली. मॅक्स रॉबर्ट प्रेसलर हा टारांटचा गणिताचा प्राध्यापक. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलं की जंगल म्हणजे जमिनीत गुंतवलेलं भांडवल. झाडाच्या वाढीचा टक्का बाजारातल्या व्याजदराखाली उतरला की झाड ठेवणं हा तोटा, तोडा. भाचीनं हे सांगितल्यावर मी चालता चालता थांबलो. म्हणजे उभं झाड ही मुदतठेव, मुदत संपली की मोडायची! मग कुठलं झाड लावायचं, तर लवकर वाढणारं, सरळ जाणारं, बाजारात खपणारं. सॅक्सनीत ते स्प्रूस ठरलं. बीच आणि ओकची मिश्र जंगलं मागे हटली आणि ओळीत लावलेली, एका वयाची स्प्रूसची जंगलं पुढे आली. एक तुकडा साफ तोडायचा, पुन्हा लावायचा, पुढच्या वर्षी पुढचा तुकडा.

त्या तोडायच्या तुकड्याला गडचिरोलीत काय म्हणतात? कूप. ‘यंदा कूप कुठं लागला?’ हा तिथल्या मजुरांचा नेहमीचा प्रश्न. भाऊजींच्या तोंडी तो शब्द इतक्यांदा ऐकला आहे की मला तो गोंडी किंवा संस्कृतच वाटायचा, विहिरीसारखा काहीतरी. तो फ्रेंच आहे. तोड या अर्थाचा. फ्रान्समधल्या नान्सी गावात १८२४ पासून वनशाळा होती आणि भारताच्या वनखात्यात येणारे तरुण १८६७ पासून पुढची काही वर्षं तिथं आणि जर्मनीत शिकून येत. त्यांच्या ट्रंकांतून हा शब्द आला आणि कोरची-धानोऱ्याच्या पायवाटांवर मुरला.

*

पण हे जर्मन वनशास्त्र भारतात घेऊन आलं कोण? डीट्रिष ब्रांडिस. बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांचा तो अधीक्षक झाला. किती साग आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा हा माणूस हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेषेत जायचा. डाव्या हातात बांबूच्या पट्ट्या, जाडीच्या एकेका वर्गाला एक पट्टी. उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्या वर्गाच्या पट्टीवर खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या. आजच्या नमुना-पाहणीचं हे आजोबाच. १८६४ मध्ये तो भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यानंतर श्लिष, त्याच्यानंतर रिबेनट्रॉप. सुरुवातीचे तिन्ही वनप्रमुख जर्मन. इंग्लंडमध्ये तेव्हा वनशास्त्र शिकवणारी शाळाच नव्हती. श्लिषनं पुढे १८८५ मध्ये कूपर्स हिलला ती सुरू केली आणि १९०५ मध्ये ती ऑक्सफर्डला नेली.

मुंबई इलाख्यात थोडं आधीच सुरू झालं होतं. अलेक्झांडर गिब्सन हा पेशानं सर्जन, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक. १८४७ मध्ये तो इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. हे सगळं चांगलंच झालं असं सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. पण जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याची जी हजेरी घेतली, ती याच काळातली. डोंगर, गायरानं खात्यानं वेढली आणि गुराख्याच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. साग मोजायला आलेल्या विज्ञानाच्या चाकूला शेळीसाठी खाच नव्हती.

ब्रांडिसवर सगळं खापर फोडणं मात्र बरोबर नाही. त्याचं मत होतं की गावांना त्यांची स्वतःची वनं असावीत आणि लोकांचे वहिवाटीचे हक्क मानावेत. समोर बेडन-पॉवेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याला सगळं सरकारच्या ताब्यात हवं होतं. १८७८ चा वनकायदा बराचसा बेडन-पॉवेलच्या मनासारखा झाला. म्हणजे जर्मनीहून दोन गोष्टी निघाल्या होत्या, कूप आणि गावाचं जंगल. त्यातली एकच आपल्या बंदरात उतरली.

*

भाचीच्या खोलीतल्या टेबलावर लाकडाची एक पट्टी होती. पट्टीला खाच आणि खाचेत शिसपेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची काडी डिंकानं बसवलेली. सँडपेपरनं इतकी घासलेली की बोटाला काच लागावी. ही स्प्रूसच्या पोटातून काढलेली. त्यासाठीचं हत्यार म्हणजे पोकळ गिरमिट. १८६० च्या दशकात त्याच प्रेसलरनं ते प्रचारात आणलं. बुंध्यात फिरवत न्यायचं, आत चिमटा सरकवायचा, उलटा अर्धा फेरा द्यायचा आणि ओढायचं. सालीपासून गाभ्यापर्यंतचं झाडाचं सगळं आयुष्य हातात येतं. काड्या मोडू नयेत म्हणून रानातून शरबत प्यायच्या कागदी नळ्यांत घालून आणतात.

तिनं भिंग दिलं. “मामा, सालीकडून मोजा.”

फिकट पट्टा, गडद रेघ, फिकट पट्टा, गडद रेघ. दर दहा वर्षांवर सुईनं टोचलेला एक ठिपका, पन्नासाव्यावर दोन. मोजता मोजता एका ठिकाणी रेघा एकमेकींवर चढल्या. भिंग पुढेमागे केलं तरी त्यांच्यात जागा दिसेना.

“हे २०१८, हे १९, हे २०.” ती म्हणाली. “पाणीच नव्हतं. आता आत या. ही एकटी बारीक दिसते? २००३. तेव्हाही दुष्काळ.”

हे झाड त्यातून वाचलं. बाकीची किती गेली ते दुसऱ्या दिवशी डोंगरावर दिसलं. साल सुटलेला एक ओंडका तिनं पायानं उलटा केला. सालीच्या आतल्या बाजूला कोरीव काम: मधोमध उभी नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या, बारीक, शेवटाकडे रुंदावत जाणाऱ्या रेघा. पुस्तकाची उघडी दोन पानंच. जर्मन लोक या किड्याला ‘बुखड्रुकर’ म्हणतात, पुस्तक छापणारा. मादी मधल्या नळीत अंडी घालते, अळ्या आडव्या कुरतडत जातात आणि साल व लाकूड यांच्यामधला रस वाहणारा थर संपतो. झाड धडधाकट असेल तर राळ सोडून किड्याला बुडवून मारतं. तहानलेल्या झाडाला राळ कुठली? बुंध्याशी तपकिरीसारखा भुसा दिसला की समजायचं, आत मुक्काम पडला.

२०१८ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंत जर्मनीत पाच लाख हेक्टरांवरचं झाडांचं छत्र नाहीसं झालं. गडचिरोली जिल्हा सुमारे १४ लाख ४१ हजार हेक्टरांचा आहे, म्हणजे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात सालाच्या झाडांना भुंगा लागला आणि लाखो झाडं तोडावी लागली, त्याची आठवण भाऊजी फोनवर काढत होते. पण इथं मेली ती मुख्यतः एकाच जातीची, ओळीत लावलेली, आजोबा-पणजोबांनी हिशेब करून लावलेली झाडं. हिशेब चुकला नव्हता. हवामान त्यात धरलेलं नव्हतं.

आता तिथं ‘वाल्डउम्बाऊ’ चालू आहे. मराठीत म्हणायचं तर जंगल उसवून पुन्हा शिवणं. उरलेल्या स्प्रूसच्या सावलीत बीच, ओक, पांढरा फर लावायचे. फरचा कोवळा शेंडा हरणांना फार आवडतो, म्हणून कुंपण घालायचं, नाहीतर हरणं मारायची. शिकार हा वनअधिकाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या धाकात वाढलेल्या भाचीला हे पचायला पहिलं सत्र लागलं. मला अजून पचलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त वाटलं ते हे: ज्या गावातून एकजातीच्या, सरळ रेषेच्या, व्याजाच्या हिशेबाच्या जंगलाचं शास्त्र जगभर गेलं, त्याच गावात आता मिश्र जंगल कसं घडवावं हे शिकवतात. आणि ते शिकायला सागाबरोबर ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह असं सगळं एकत्र उगवणाऱ्या मुलखातली पोरगी तीस किलो सामान आणि शेवया घेऊन गेली आहे. हसावं की काय करावं?

ती हसत नाही. तिच्या मते इथं शिकण्यासारखी गोष्ट जंगल नाही, चुकांची नोंद आहे. टारांटच्या जंगलात मनोऱ्यावर बसवलेली यंत्रं १९९६ पासून स्प्रूसचा श्वास मोजत आहेत, किती कार्बन घेतला, किती पाणी सोडलं. कुठल्या तुकड्यात कुठल्या साली काय लावलं, कुणी, का, हे सगळं लिहिलेलं. म्हणून कुठं चुकलं ते सापडतं. “आपल्याकडे बाबांच्या डोक्यात जे आहे ते कुठंच लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. इथं मात्र मला भाऊजींची बाजू घ्यावीशी वाटते. तेहतीस वर्षं त्यांनी नोंदवह्या भरल्या. त्या वह्या कुठल्या कपाटात आहेत हे त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

*

आता पैशांचं. दिवाळी अंक वाचून ज्या घरांत चर्चा सुरू होईल त्यांच्यासाठी थोडक्यात.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण सगळीकडे नाही असं समजू नका: बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि इतरत्रही काहींनी अलीकडे सुरू केलं आहे. खरा खर्च जगण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. भाऊजींच्या भविष्यनिर्वाह निधीतला मोठा तुकडा तिथं गेला. मी मुदतठेव मोडली. प्रेसलरला ते पटलं असतं. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाचं कागदपत्र-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, १८,००० रुपये. ते यायला वेळ लागू शकतो, म्हणून अर्जाच्या कितीतरी आधी हात घालावा. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. भाची आठवड्यातले दोन दिवस रोपवाटिकेत काम करते. तिची नखं पाहून ताईला रडू आलं आणि भाऊजींना आनंद झाला.

शिष्यवृत्त्या आहेत. डाड या जर्मन संस्थेची एक खास विकसनशील देशांतल्या, दोन वर्षं नोकरी केलेल्या उमेदवारांसाठी आहे. इरास्मुस मुंडुसच्या अभ्यासक्रमांत दोन-तीन देशांत फिरून शिकता येतं आणि निवड झाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात. फिनलंडमधलं योएनसू, ग्योटिंगेन, कोपनहेगन, वेल्समधलं बँगोर ही या विषयातली नावं डोक्यात ठेवावीत. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. तिथं माझा आक्षेप आहे. ती क्रमवारी सगळ्या विद्यापीठाची असते. दोनशे वर्षं वनशास्त्र शिकवणाऱ्या गावातल्या शाखेचं वजन त्यात दिसत नाही. आणि ज्या मुलांच्या घरात जंगलाचं ज्ञान आहे ती बहुतेक याच शिष्यवृत्त्यांच्या आधारानं बाहेर पडू शकतात.

परत आल्यावर काय? सरळ सांगतो: वनखात्याच्या नोकरीत या पदवीचा वेगळा भाव नाही. भारतीय वनसेवेला यूपीएससी, राज्याच्या सेवेला एमपीएससी, आणि तिथं वनशास्त्राच्या पदवीधराशेजारी अभियंताही बसतो. वनशास्त्राची मुलं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आली आहेत. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, कार्बनची मोजणी करणाऱ्या कंपन्या इथं वाव आहे. शेवटच्या प्रकाराबद्दल मला शंका आहे. पुन्हा कुणीतरी हत्तीवर बसून आपलं जंगल मोजायला आल्यासारखं वाटतं, आता हत्तीच्या जागी उपग्रह.

*

रविवारी सगळं टारांट छत्र्यांसाठी टोपल्या घेऊन जंगलात जातं. कुत्र्यांच्या छत्र्या नव्हेत, खायच्या. कुणाच्याही मालकीच्या जंगलात पायी फिरायचा हक्क तिथं कायद्यानं आहे आणि घरापुरत्या अळंब्या, बेरी घ्यायचाही. भाचीच्या वर्गातला इथिओपियाचा मुलगा, नेपाळची मुलगी आणि आम्ही दोघं असे निघालो. भाचीला सात्या आठवल्या. श्रावणात वारुळांवर उगवतात त्या. गडचिरोलीत त्यांच्यासाठी लोक पहाटे कंदील घेऊन निघतात. टोपली घेऊन एक आजीबाई समोरून आल्या, आमच्या पिशवीत डोकावल्या आणि दोन अळंब्या काढून सरळ झुडपात भिरकावल्या. विषारी होत्या म्हणे. जर्मन भाषेचा माझा तेवढाच धडा.

चालता चालता मालकीचा विषय निघाला. जर्मनीतलं निम्म्याच्या आसपास जंगल खासगी आहे, मोठा हिस्सा राज्यांचा आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास गावांचा, नगरपालिकांचा. देशाचा सुमारे ३२ टक्के भाग जंगल. आपल्या वननीतीत कित्येक वर्षं लिहून ठेवलेला एकतृतीयांशाचा आकडा त्यांच्याकडे जमिनीवर आहे. महाराष्ट्रात एकपंचमांशाच्या आसपास कागदावर जंगल आहे आणि त्यातलं बहुतेक खात्याकडे.

गावांचं जंगल म्हटल्यावर तिनं मेंढा-लेखाचं नाव काढलं. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला १,८०० हेक्टरांच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना खात्याचाच लागत होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. भाऊजी तेव्हा शेजारच्याच वनक्षेत्रात होते. त्या दिवशी खात्यात काहींची तोंडं उतरली होती, त्यांचंही. आज ते म्हणतात, बांबूचं रान गावानं आमच्यापेक्षा बरं ठेवलं. ही कबुली द्यायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं, हेही खरं.

ब्रांडिसला हवं असलेलं गावाचं जंगल सव्वाशे वर्षं उशिरा का होईना, उतरलं. फक्त जर्मनीहून आलं नाही, धानोऱ्यातूनच उगवलं.

तिचा प्रबंध याच मुलखावर आहे. सामूहिक वनहक्काच्या एका गावच्या जंगलात, जुन्या कुपांच्या जागी सागाच्या जोडीनं काय काय पुन्हा उगवलं, किती, कुठल्या जाडीचं, हे ती मोजणार आहे. ग्रामसभेत तिनं फोनवरून विषय मांडला, तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “मोजून झाल्यावर कागद आमाले मिळन का?” मिळेल, असं ठरावात लिहून घेतलं गेलं. तो ठराव मराठीत आहे. तिनं त्याचं इंग्रजी करून टारांटला दिलं.

जानेवारीत ती येते आहे. भाऊजींनी पायताणं दुरुस्त करून ठेवली आहेत. दोन मजूर आणि एक निवृत्त वनपाल अशी तुकडी आहे. मापं १.३७ मीटरवरच घ्यायची, कारण तिथल्या कार्य आयोजनेतले जुने आकडे त्या उंचीवरचे आहेत. तिच्या मार्गदर्शकांनी ते मान्य केलं आहे. पद्धतीच्या प्रकरणात तसं पहिल्याच परिच्छेदात लिहावं, एवढीच त्यांची अट आहे.